बीबीएला गेला आणि धंदा नको म्हणायला लागला

प्रश्न असा आहे: "आमचं गेट, ग्रिल, शटर, पत्र्याची शेड असं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. मुलगा बारावीनंतर 'आपलाच धंदा वाढवायचा' म्हणून बीबीएला गेला. आता तिसऱ्या वर्षाला आहे आणि म्हणतो, आधी नोकरी करतो, धंद्याचं नंतर बघू. या शिक्षणाने मुलांची धंद्याची आवड वाढते की मरते? पुढे एमबीएला पाठवावं का?"

आवड मेली असं लगेच धरून चालू नका. बारावीनंतर मुलगा जे बोलला तो उत्साह होता. त्याला तेव्हा धंद्यातलं वर्कशॉप दिसत होतं. बँकेचा हप्ता, जीएसटीची तारीख आणि न उचलले जाणारे फोन दिसत नव्हते. आता ते थोडे दिसायला लागलेत.

मी कॉलेजात बीबीए-बीकॉमच्या मुलांना उद्योजकता विकास शिकवते आणि उरलेल्या वेळात बँकेच्या केससाठी प्रोजेक्ट रिपोर्ट करणाऱ्या लोकांबरोबर बसते. त्यामुळे वर्गातली मुलंही बघते आणि खरोखर कर्जाची फाईल घेऊन आलेलीही. पहिल्या वर्षाच्या वर्गात 'धंदा कोणाला करायचाय' विचारलं की निम्मे हात वर जातात. तिसऱ्या वर्षी मोजकेच उरतात. मात्र त्यांचे प्रश्न बदललेले असतात. पहिल्या वर्षी विचारतात, "मॅडम, फंडिंग कसं मिळतं?" तिसऱ्या वर्षी विचारतात, "सीसीचं लिमिट बँक कशावरून ठरवते?" (सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, रोजच्या धंद्याला लागणाऱ्या पैशांसाठी बँक देते ते कर्ज.) दुसरा प्रश्न विचारणारा एक मुलगा मला पहिला प्रश्न विचारणाऱ्या वीस जणांपेक्षा जवळचा वाटतो.

हे फक्त आपल्याकडचं नाही. नेदरलँड्समध्ये एका कॉलेजात विद्यार्थ्यांना वर्षभर छोटी कंपनी चालवायला लावणारा कार्यक्रम होता. ऊस्टरबीक, फान प्राग आणि आयसेलस्टाईन यांनी त्याचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध केला. कार्यक्रम केलेल्या मुलांची धंदा काढायची इच्छा, तो न केलेल्या मुलांच्या तुलनेत, कमी झालेली निघाली. त्याच साली म्युनिक विद्यापीठातल्या सक्तीच्या कोर्सवरचा अभ्यास आला. तिथली गंमत अशी की 'मला हे जमतं' ही भावना वाढली आणि धंदा काढायची इच्छा मात्र किंचित उतरली. म्हणजे मुलांना येत होतं जास्त आणि करायचं होतं कमी! तिथल्या संशोधकांनी त्याचा लावलेला अर्थ मला पटतो: कोर्समुळे मुलांना आपण कुठल्या मातीचे आहोत ते कळतं, आणि धंदा आपला नव्हे हे ज्यांना कळतं ते वेळीच बाजूला होतात. हे काही नुकसान नाही. घर गहाण पडल्यावर कळण्यापेक्षा वर्गात कळलेलं स्वस्त पडतं.

२०१४ साली अशा ७३ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला; त्यात सदतीस हजारांवर लोकांची माहिती होती. उद्योजकतेचं शिक्षण आणि धंद्याची इच्छा यांचा संबंध सापडला, पण अगदी बारीक. साध्या व्यवस्थापन शिक्षणाचा त्याहूनही बारीक. आणि शिकण्याआधी मुलाच्या मनात किती इच्छा होती हे हिशोबात धरलं, तर तोही संबंध ठामपणे सांगण्याजोगा उरला नाही. आमच्या विषयाच्या सेमिनारमध्ये हा आकडा काढला की चहाची वेळ झालेली असते.

म्हणून 'वाढते की मरते' याला एका शब्दात उत्तर नाही. कुठल्या शिक्षणाने काय होतं ते सुटं करून बघावं लागतं.

आपल्याकडचं कॉमर्सचं शिक्षण मुळात ऑफिसात बसणारी माणसं तयार करायला उभं राहिलं. मुंबईचं सिडनहॅम कॉलेज १९१३ चं. बँका, विमा कंपन्या, पेढ्या, सरकारी खाती यांना हिशोब आणि व्यापारी कायदा जाणणारी माणसं हवी होती. पुढे एमबीए आलं ते मोठ्या कंपन्यांना व्यवस्थापक पुरवायला. त्यात वाईट काहीच नाही, पण तो साचा अजून तसाच आहे. केस स्टडीत मुलगा नेहमी कुठल्यातरी बड्या कंपनीचा मार्केटिंग हेड असतो आणि त्याच्या हातात बजेट असतं. 'तुझ्याकडे चार वेल्डर आहेत, त्यातले दोन आज आलेच नाहीत, उद्या गेट बसवायचं कबूल केलंय आणि गिऱ्हाईकाची परवा वास्तुशांत आहे' अशी केस त्याला कोणी देत नाही.

याचा परिणाम आवडीवर कसा होतो? मुलगा तीन वर्षं ब्रँड, सप्लाय चेन, एचआर पॉलिसी शिकतो आणि संध्याकाळी घरी येऊन बघतो, तर वडील सिगारेटच्या पाकिटाच्या मागे कोटेशन लिहितायत. त्याला वाटायला लागतं की पुस्तकातला तो बिझनेस आणि आपलं ते नुसतं वर्कशॉप. मित्र विचारतात तेव्हा 'वडिलांचं स्टील फॅब्रिकेशन युनिट आहे' असं इंग्रजीत सांगतो. आवड मरते म्हणतात ती बहुतेक वेळा इथे, या लाजेत. आळस आणि भीती नंतर येतात. 'मराठी माणसाला धंदा जमत नाही' हे तर मला ऐकायलाही नको वाटतं. किर्लोस्करवाडी १९१० ची आहे, आणि ती वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर त्याआधी मुंबईत व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवण्याची नोकरी करत होते. नोकरीतून धंद्यात येणं ही आपल्याकडची जुनी वाट आहे, हेही त्यातून लक्षात घ्या.

कॉलेजांत सध्या इनोव्हेशन कौन्सिल, ई-सेल, बिझनेस प्लॅन स्पर्धा यांची रेलचेल आहे. काही ठिकाणी मनापासून काम चालतं. बऱ्याच ठिकाणी फोटो काढून रिपोर्ट अपलोड केला की कार्यक्रम संपतो. माझं स्पष्ट मत: या स्पर्धांमुळे 'फाउंडर' म्हणवून घ्यायची हौस वाढते, गिऱ्हाईकाच्या दारात उभं राहायची वाढत नाही. प्लॅनमधली पहिल्या वर्षाची विक्री कोटीत असते आणि पहिलं गिऱ्हाईक कोण हे कोणालाच माहीत नसतं.

मग आवड खरोखर कशाने हलते? माझ्या वर्गातलं एक उदाहरण जरा बारकाईने सांगते.

आमच्याकडे दरवर्षी मुलं फूड फेस्टला स्टॉल लावतात. सहा जणांच्या एका गटाने मिसळ विकली. ६० रुपये प्लेट, १६० प्लेटा गेल्या, गल्ला ९,६०० झाला. सामानाला ४,१०० गेले. "मॅडम, साडेपाच हजार प्रॉफिट!" मी त्यांना फळ्यापाशी उभं केलं. सहा जण दोन दिवस राबलात, दिवसाला ५०० रुपये मजुरी लावा. झाले सहा हजार. म्हणजे ५०० रुपये तोटा. गॅस कोणाचा? घरचा. कट कोणी केला? दोघींच्या आयांनी. जागा? कॉलेजची, फुकट. चेहरे उतरले. एकजण म्हणाला, "प्लेट ८० ला विकायला पाहिजे होती." दुसरी म्हणाली, "मग शंभरच खपल्या असत्या." आता बघा, १०० प्लेटा ८० ने विकल्या तर ८,००० येतात. सामान त्या प्रमाणात २,५६० चं लागतं. हातात ५,४४० राहतात, म्हणजे जवळजवळ तेवढेच, आणि साठ प्लेटांचं राबणं वाचलं. ती मुलगी फळ्याकडे बघत बसली आणि मग हळूच म्हणाली, "म्हणजे आपण स्वस्त विकून फक्त जास्त काम केलं?"

त्या तासाला सहापैकी चौघांची धंद्याची आवड उतरली. तिची चढली. पुढचा महिनाभर ती मला दर ठरवण्याबद्दलच विचारत होती. सहा जणांना एकाच तासाने वेगवेगळ्या दिशांना नेलं, आणि माझ्या मते त्या तासाचं काम नेमकं तेच होतं. 'किती टक्के विद्यार्थ्यांची रुची वाढली' असा फॉर्म भरून घेतला असता तर हा तास नापास ठरला असता.

मानसशास्त्रात आयझेन यांची मांडणी आहे, १९९१ ची. अशा अभ्यासांत ती फार वापरतात. सोप्या भाषेत, माणूस एखादी गोष्ट करायचं मनात घेतो ते तीन गोष्टींवर: ती त्याला बरी वाटते का, आपली माणसं काय म्हणतील, आणि आपल्याला जमेल असं वाटतं का. पुस्तकी तास पहिल्या गोष्टीला जरासा हात लावतात. तिसरी गोष्ट हात घालून केल्यावरच हलते. इंग्लंड आणि फ्रान्समधल्या विज्ञान-अभियांत्रिकीच्या मुलांवरचा २००७ चा एक अभ्यास सांगतो की अशा कोर्समधून मिळालेली माहिती किंवा साधनं यांपेक्षा मिळालेली उभारी जास्त परिणाम करते. मी यावरून एकच ठरवलं: पाहुणा वक्ता म्हणून टीव्हीवरचा माणूस आणायचा नाही. त्याच तालुक्यातला, त्याच एसटीने कॉलेजला आलेला, पुठ्ठ्याचे खोके बनवणारा माजी विद्यार्थी आणायचा. पोरं त्याला बिनधास्त विचारतात, "स्वतःला पगार किती काढता?" आणि तो खरं सांगतो.

दुसरी गोष्ट, आपल्या माणसांचं मत, ती कॉलेजच्या हातात नाहीच. मुलगा धंदा करतो म्हटलं की स्थळ बघणारे आधी विचारतात, 'पण कंपनीत कुठे आहे का?' मुलींचं तर विचारूच नका. माझ्या वर्गातली हिशोबाला सगळ्यात पक्की मुलगी 'लग्नानंतर सासरी काय म्हणतील बघू' म्हणून उद्यम नोंदणीसुद्धा (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) करत नाही. तिला मी कितीही केस स्टडी शिकवल्या तरी तो दरवाजा माझ्या बाजूने उघडत नाही.

आता तुमच्याबद्दल थोडं. राग मानू नका.

घरचा धंदा असलेली जी मुलं 'नोकरी करतो' म्हणतात, त्यांना मी एकटं गाठून विचारते. फार थोडे सांगतात की धंदाच आवडत नाही. बहुतेकांचं म्हणणं असतं, "पप्पांच्या हाताखाली नको." कारागिरांसमोर ओरडा बसतो. कोटेशन त्याने दिलं की वडील फोन करून दर बदलतात. पगार नसतो, लागतील तेव्हा पैसे मागायचे. दुसरीकडे कंपनीत वीस हजार का होईना, महिन्याला खात्यात येतात, रविवार मिळतो आणि 'तुला काय कळतं' असं कोणी म्हणत नाही. तुमच्या मुलाचं असंच असेल असा माझा दावा नाही. पण त्याला कधी विचारलंय का, की धंदा नको म्हणजे नेमकं काय नको?

दुसरं: तुमचे आकडे त्याने पाहिलेत का? त्याला खेळत्या भांडवलाचं सूत्र पाठ असेल, परीक्षेत गणितही बरोबर येत असेल. घरचं त्याने बघितलेलं नसतं. समजा, तुम्ही चार लाखांच्या शेडचं काम घेतलं. त्यावर १८ टक्क्यांनी ७२,००० जीएसटी, म्हणजे बिल ४,७२,००० चं. ॲडव्हान्स मिळाला दीड लाख. लोखंड आणि पत्रा २,४०,००० चा, त्यावर ४३,२०० जीएसटी, आणि स्टीलवाला रोख मागतो. मजुरी आणि टेम्पो ८०,०००. बिल या महिन्यात फाडलं तर खरेदीवरचा कर वजा करून उरलेले २८,८०० पुढच्या महिन्याच्या २० तारखेला सरकारला भरायचे, गिऱ्हाईकाने पैसे दिले असोत की नसोत. एकूण गेले ३,९२,०००, आले १,५०,०००. कागदावर ८०,००० नफा आणि प्रत्यक्षात तुमच्या खिशातले २,४२,००० अडकलेले, गिऱ्हाईक 'दिवाळीनंतर बघू' म्हणेपर्यंत.

हे तुम्हाला झोपेतही कळतं. त्याला हे पुस्तकात 'वर्किंग कॅपिटल सायकल' म्हणून भेटलंय. दोन्ही एकच आहे हे त्याला कोणी दाखवलेलं नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोमध्ये पंधराशे छोट्या व्यावसायिकांवर एक प्रयोग झाला, २०१७ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीचं हिशोब-मार्केटिंगचं प्रशिक्षण, दुसऱ्याला स्वतःहून पुढाकार घेणं, अडचण आली तरी रेटणं याचं. पुढच्या दोन वर्षांत दुसऱ्या गटाचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. पहिल्याच्या नफ्यात ठामपणे सांगता येईल अशी वाढ दिसली नाही. आपल्याकडचीही जुनी गोष्ट आहे. मॅक्लेलँड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात आंध्रातल्या काकीनाड्याच्या व्यावसायिकांना जिद्दीचं प्रशिक्षण दिलं. उद्योजक घडवता येतो हा विचार आपल्याकडे रुजला त्यात त्या प्रयोगाचा मोठा वाटा. मग १९८३ मध्ये अहमदाबादची ईडीआयआय ही उद्योजकता शिकवणारी संस्था आणि १९८८ मध्ये आपलं महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र उभं राहिलं. टोगो काय, काकीनाडा काय, दोन्हीकडे शिकणाऱ्यांच्या हातात आधीच चालू धंदा होता. तुमच्या मुलाच्या घरात तो आहे. माझ्या वर्गातल्या बाकीच्या मुलांकडे नाही.

म्हणून करायचं असेल तर हे करा. शेवटच्या परीक्षेनंतर त्याला सगळं वर्कशॉप देऊ नका, एक तुकडा द्या. स्टेनलेस स्टीलच्या जिन्याच्या रेलिंगचं काम, किंवा वसुली. वसुली दिली तर उधारीची वही त्याच्यासमोर ठेवा आणि तीस, साठ, नव्वद दिवसांच्या पुढचं येणं वेगळं काढायला सांगा; हे त्याला बीबीएत शिकवलेलं आहे, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात तो तुमच्यापेक्षा पुढे असेल. तुमची उद्यम नोंदणी असेल तर कंपनी-गिऱ्हाईकाने पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत असं २००६ चा एमएसएमई, म्हणजे लघुउद्योगांचा, कायदा सांगतो. ते पत्र त्याला लिहू द्या. रेलिंग दिलं तर बँकेत वेगळं खातं आणि ठरलेल्या रकमेपर्यंतचं कोटेशन पूर्ण त्याचं. दर चुकला तर चुकू द्या, कारागिरांसमोर बोलू नका, रात्री घरी बोला. आणि पगार ठरवा. थोडा असू दे, पण एक तारखेला खात्यात जाऊ दे. हा शेवटचा मुद्दा वडिलांना सगळ्यात जड जातो असा माझा अनुभव आहे. स्वतःच्याच पोराला पगार कसला, म्हणतात.

एवढं करूनही तो नोकरीच म्हणाला तर जाऊ द्या, फक्त नोकरी कुठली ते बघा. स्टील ट्रेडरकडे खरेदी-विक्री, तयार शेड बनवणाऱ्या कंपनीत एस्टिमेशन, बँकेत लघुउद्योगांच्या कर्जाचा विभाग, यांपैकी काहीही चालेल. कॅम्पसला येणाऱ्या कॉल सेंटरच्या किंवा क्रेडिट कार्ड विकायच्या कामातून वर्कशॉपला उपयोगी पडेल असं फार थोडं मिळतं. विकायची लाज जाते, एवढं मात्र खरं.

एमबीएचं म्हणाल तर घाई नको. धंदा काढायला पदवी लागत नाही, ती सरकारही मागत नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनाचा दहा लाखांवरचा प्रकल्प असेल तर अट आठवी पासची आहे. बँकेचा मॅनेजर तुमच्या मुलाला एमबीएच्या मार्कशीटबद्दल विचारणार नाही. तारण काय, स्वतःचे पैसे किती आणि ऑर्डर हातात आहेत का, एवढंच विचारेल. दोन-तीन वर्षं वर्कशॉपमध्ये किंवा नोकरीत घालवून मग गेला तर वर्गात विचारायला त्याच्याकडे स्वतःचे प्रश्न असतील. घरचा धंदा असलेल्यांसाठी वेगळे कोर्सही आहेत. मुंबईच्या एसपीजेआयएमआर या व्यवस्थापन संस्थेत असा कार्यक्रम आहे, त्यात शिकत असतानाच घरच्या धंद्यावर काम करावं लागतं. फी मात्र भारी. तेवढ्या पैशांत पत्रा वाकवायचं एखादं चांगलं प्रेस ब्रेक मशीन बसतं का, याचं कोटेशन मागवा आणि दोन्ही कागद त्याच्यासमोर ठेवून त्यालाच हिशोब करायला सांगा.